पांढरी पाचच्या जरा वर

बोईसरला रेकॉर्डिंग करतो असं सांगितलं की मुंबईतले ओळखीचे लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. "तिकडे रेकॉर्डिंगला येतं कोण?" हा पहिला. "तारापूरचं अणुवीज केंद्र एवढं जवळ, मग हमिंग किती येत असेल!" हा दुसरा.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. बेंजो पार्टीवाले येतात, हळदीची गाणी करणारी पोरं येतात, कॉलेजातले रॅपर येतात, कधी तारपा घेऊन एखादे आजोबा येतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र लांबलचक आहे. ते देता देता मला आमच्या बिल्डिंगबद्दल एक गोष्ट कळली, जी तिथे राहणाऱ्या कुणालाच माहीत नव्हती.

आधी हमिंग म्हणजे काय ते. स्पीकर चालू आहे, कोणी काही वाजवत नाहीये, तरी खालून एक बारीक 'हंऽऽऽ' येत राहतो. तोच. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर त्याचा सूर पांढरी पाचच्या जरा वर असतो. घरातली वीज एसी, म्हणजे सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होणारी. पांढरी पाचचा अगदी खालच्या सप्तकातला सूर ४९ हर्ट्झचा. म्हणजे ५० हर्ट्झचा हम त्याच्यापेक्षा चढा, साधारण अर्ध्या सुराच्या एक तृतीयांशाने. बऱ्याचदा ऐकू येतो तो १०० हर्ट्झचा, कारण पॉवर सप्लायमध्ये एसीची डीसी करताना प्रत्येक लाटेचे दोन उंचवटे होतात. सूर तोच, सप्तक वरचं. गायक पांढरी एकमध्ये गात असेल तर मागे कोणीतरी किंचित चढा पंचम धरून बसलंय असं वाटतं. काळी एकमध्ये गात असेल तर तोच हम तीव्र मध्यमाच्या आसपास जाऊन बसतो, आणि मग तो लपतच नाही.

हा सूर फक्त बोईसरचा नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर-रायचूर ही ७६५ केव्हीची लाईन जोडली गेली आणि दक्षिणेची ग्रिड उरलेल्या देशाशी एका तालात आली. त्याआधी सोलापूरचा हम आणि रायचूरचा हम किंचित वेगवेगळ्या सुरात असायचे. आता पालघर, गुवाहाटी, कोची, सगळीकडे एकाच क्षणी एकच सूर. तो हलतो, पण फार थोडा. ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात त्याने राहावं असा ग्रिडचा नियम आहे.

मग अणुवीज केंद्राचं काय? तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या, ५४० मेगावॅटच्या पुढच्या दोन २००५-०६ मध्ये. तिथली वीज उंच टॉवरांवरून ग्रिडमध्ये जाते. माझ्या बोर्डात येणारी वीज अनेक सबस्टेशनं उतरून, गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरमधून येते. हमिंगच्या बाबतीत तारापूरजवळ राहिलो काय आणि तासगावला राहिलो काय, काहीच फरक नाही. एमआयडीसीचा थोडा पडतो. कारखान्यांतल्या मोठ्या मोटारींचे ड्राइव्ह आणि वेल्डिंग मशीन विजेच्या लाटेचा आकार बिघडवतात, आणि मग गुळगुळीत 'हंऽऽऽ'च्या जागी खरखरीत 'झ्झ्झ' येतो. पण तसला 'झ्झ्झ' तुमच्या डोक्यावरच्या पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरही देतो. कारखान्याकडे बोट दाखवण्याआधी रेग्युलेटर बंद करून बघावा.

जाते कुठून, येते कुठून

विजेबद्दल बोलताना आपण नेहमी ती येते कुठून हे विचारतो. हमिंग समजून घ्यायचं तर ती परत कुठून जाते हे विचारावं लागतं.

पालघर किंवा बोईसर स्टेशनवर उभे राहिलात तर याचं सगळ्यात मोठं उदाहरण पायाशी दिसतं. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट एसी आहे, तीच ५० हर्ट्झची. वीज तारेतून इंजिनात येते आणि चाकांतून रुळांत उतरते. रुळांवाटे ती सबस्टेशनला परत जाते. रूळ जमिनीवर टेकलेले असतात, त्यामुळे परतीचा काही हिस्सा सरळ जमिनीतून वाट काढतो. (विरारच्या दक्षिणेला २०१२ पर्यंत १,५०० व्होल्टची डीसी होती. लांबच्या गाड्यांना विरारच्या आसपास एकीतून दुसरीत जावं लागायचं.) मुद्दा एवढाच, की वीज ठरवून दिलेल्या वाटेनेच जाते असं नाही. जितक्या वाटा मिळतील तितक्या वाटांनी ती घरी जाते, सोप्या वाटेने जास्त, अवघड वाटेने कमी.

घरातही तेच. फेजमधून येते, न्यूट्रलमधून परत जाते. तिसरी तार म्हणजे अर्थिंग. ती रोजच्या कामाची नाही. काही बिघडलं तर वीज माणसातून न जाता जमिनीत जावी, म्हणून ती असते.

पण त्या तिसऱ्या तारेतून काही न बिघडताही थोडी वीज सतत वाहत असते. लॅपटॉपचा चार्जर लावलेला असताना त्याच्या धातूच्या बॉडीवरून बोट फिरवलं की मुंग्या आल्यासारखं होतं, हे तुम्हाला माहीत असेल. चार्जरमध्ये, अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, मॉनिटर स्पीकरमध्ये गोंगाट गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात. ते फेजमधली चिमूटभर वीज बॉडीकडे सोडतात. ४.७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर असेल तर २३० व्होल्टला ती ०.३४ मिलीअँपिअर भरते. अर्थिंग असेल तर ती गुपचूप जमिनीत जाते. नसेल तर यंत्राची बॉडी अधांतरी, साधारण अर्ध्या व्होल्टेजला म्हणजे ११५ च्या आसपास तरंगत राहते आणि वाट शोधते. स्टुडिओत तिला सापडणारी वाट असते ऑडिओ केबलची.

कीबोर्डची साधी मोनो केबल घ्या. आत एक तार, बाहेर जाळीचं आवरण. ते आवरण ढाल म्हणूनही वापरलं जातं आणि सिग्नलची परतीची तार म्हणूनही. आता त्यावरून विजेची ही गळतीही चालली. आवरण आणि जोडण्या मिळून ०.१ ओहमचा अडथळा धरला तर ०.३४ मिलीअँपिअरमुळे ३४ मायक्रोव्होल्टचा हम तयार होतो. घरगुती यंत्रांचा सिग्नल साधारण ३१६ मिलीव्होल्टचा. म्हणजे हम ७९ डेसिबल खाली. ठीक आहे, ऐकू येणार नाही. पण एकाच टेबलावर दहा यंत्रं असतील आणि सगळ्यांची गळती त्याच केबलवरून चालली असेल तर फरक ५९ डेसिबलवर येतो. त्यात दोन यंत्रं दोन वेगळ्या बोर्डांवर लावली, दोन्हींच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक असला, की त्यांच्यामधल्या केबलवरून याच्या कैकपट वीज फिरायला लागते. याला ग्राउंड लूप म्हणतात. मग हम शोधावा लागत नाही, तो दारातच भेटतो.

उलटे जुळे

यावर संगीतवाल्यांनी फार पूर्वीपासून एकच युक्ती वेगवेगळ्या ठिकाणी वापरली आहे. एकाच गोष्टीच्या दोन उलट प्रती करायच्या, आणि बाहेरून येणारा गोंगाट दोन्हींवर सारखाच पडेल अशी सोय करायची. मग शेवटी एकीतून दुसरी वजा केली की गोंगाट जातो आणि गाणं राहतं.

तीन पिनांची माइकची केबल हेच करते. आत दोन तारा, एकीत सरळ सिग्नल, दुसरीत उलटा. गिटारमध्ये हेच काम हमबकर पिकअप करतो. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोन कॉइल एकमेकींच्या उलट, चुंबकही उलट. तार छेडली की दोघींचा आवाज जमा होतो, हवेतला हम मात्र वजा होतो. आमच्या भागातल्या बेंजोवर बहुतेक एकाच कॉइलचा पिकअप असतो, म्हणून ट्यूबलाईटखाली किंवा अ‍ॅम्प्लिफायरजवळ बेंजोवाला बसला की तो भुणभुणतो. त्याला सांगावं लागतं, "दादा, जरा इकडे तोंड करून बसा." पिकअपची दिशा बदलली की हम बदलतो. फुकटचा उपाय आहे, आणि सगळ्यांना तो जादूसारखा वाटतो.

आता हीच युक्ती थेट विजेवर लावली तर? तेच बॅलन्स्ड पॉवर. आपल्या बोर्डात एक तार २३० व्होल्टला आणि दुसरी जवळजवळ शून्याला असते. गळती फक्त फेजकडून होते, तिला वजा करणारं समोर कोणी नाही. मधोमध जोड काढलेला ट्रान्सफॉर्मर बसवला, तो मधला जोड अर्थला बांधला, की एक तार अधिक ११५ आणि दुसरी उणे ११५ होते. दोन्हींमधला फरक २३० च, यंत्रांना काहीच कळत नाही. पण एका तारेकडून गळती होते तेवढीच दुसरीकडून उलट होते, आणि बॉडीवर दोन्ही एकमेकींना मारतात. अमेरिकेत, १२० व्होल्टच्या घरात, हेच ६०-०-६० होतं. मार्टिन ग्लासबँड यांनी तिथे याचा पाठपुरावा केला आणि १९९६ च्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये त्याला जागा मिळाली.

कागदावर हे इतकं सुंदर दिसतं की ते लगेच विकत घ्यावंसं वाटतं. मलाही वाटलं. एमआयडीसीत मोटारी रिवाइंड करणाऱ्या एका मित्राकडे मी १ केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरबद्दल बोललोही. तो तयार होता. पण त्याने आधी एक प्रश्न विचारला: "मधला जोड अर्थला बांधायचा म्हणतोस. तुझ्याकडे अर्थ आहे का?"

तिसरं भोक

माझी खोली भाड्याची, तळमजल्यावरची. बोर्ड नवे, पिना तीन-तीन. वायरमन आणला. त्याने मीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०, बरोबर. न्यूट्रल आणि अर्थमध्ये फार तर दोन-चार व्होल्ट दिसायला हवेत. तिथे आकडा नुसता फिरत होता, कुठेच टिकत नव्हता. बोर्ड उघडला तर तिसऱ्या भोकाला तारच नव्हती. मग त्याने जिन्याखालचा मीटर बॉक्स उघडला. वर जाणारी अर्थची तार होती, पण खाली जमिनीत जाणारी पट्टी गंजून तुटलेली. खारी हवा आणि शेजारी केमिकलचे कारखाने. इथलं लोखंड असंच जातं.

म्हणजे फक्त माझ्या स्टुडिओला नव्हे, वरच्या पाचही घरांना अर्थिंग नव्हतं. पाच फ्रीज, चार वॉशिंग मशीन, गिझर. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "मशीनला ओला हात लागला की झिणझिण्या येतात, पण ते तर सगळ्यांकडेच येतात ना?"

त्या वाक्यानंतर हमिंग हा माझ्यापुरता आवाजाचा प्रश्न राहिला नाही. माझ्या स्पीकरमधून जो आवाज येत होता तो सगळ्या बिल्डिंगला अर्थिंग नसल्याची खूण होता. घरी जायची वाट बंद झालेली वीज केबलींवरून हिंडत होती, आणि ते ऐकवू शकणारं एकमेव यंत्र माझ्या खोलीत होतं.

आता विचार करा, मी त्याआधी पेटी बसवली असती तर? मधला जोड यंत्रांच्या बॉडीला बांधला गेला असता, अर्थ नसतानाही हम बऱ्यापैकी उतरला असता. मी खूश झालो असतो. वरच्या वहिनींच्या मशीनमध्ये काहीच बदललं नसतं.

घरमालकांना पटवायला दोन आठवडे गेले. "आजवर काही झालंय का?" हे त्यांचं म्हणणं, आणि त्यावर वाद घालता येत नाही. शेवटी झिणझिण्यांचा मुद्दा त्यांच्याच घरच्यांनी उचलला. मागच्या अंगणात खड्डा खणला, पाइप उभा केला, कोळसा आणि मीठ थरांनी भरलं, नवी पट्टी वरपर्यंत नेली, मेन बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवला. मे महिन्यात त्या खड्ड्यात पाणी घालावं लागतं. समुद्रालगतच्या ओलसर जमिनीत अर्थिंग बरं लागतं. जव्हार-मोखाड्याच्या खडकात तेच काम कितीतरी अवघड.

त्या रात्री मी सगळे फेडर शून्यावर ठेवून आवाज पूर्ण वर नेला. हम होता, पण त्याला शोधायला स्पीकरला कान लावावा लागत होता.

पेटी शेवटी

मग मी सगळी यंत्रं एकाच बोर्डावर आणली. कीबोर्डला डीआय बॉक्स लावला, म्हणजे त्याची दोन तारांची केबल झाली. पॉवरच्या वायरी आणि ऑडिओच्या केबली वेगळ्या केल्या, जिथे ओलांडाव्या लागल्या तिथे काटकोनात. उरलेला हम एका जुन्या मिक्सरमधून येत होता. केबलच्या आवरणाची पिन यंत्राच्या बॉडीला न बांधता आतल्या सर्किटला बांधली की आवरणावरची घाण थेट आवाजात शिरते. नील मन्सी यांनी १९९५ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये या दोषाबद्दल लिहिलं, तेव्हापासून त्याला 'पिन १ प्रॉब्लेम' म्हणतात. जाळीची एक तार बदलून तो मिटला.

ट्रान्सफॉर्मर मी सगळ्यात शेवटी लावून बघितला. मीटरवर फरक दिसला. कानाला फारसा नाही. हिशोब केला तर हे अपेक्षितच आहे. दोन्ही बाजूंचे कपॅसिटर तंतोतंत सारखे असतील तरच गळती पूर्ण मरते, आणि ते कधीच तसे नसतात. ज्या यंत्रात गळती एकाच बाजूने होते तिथे २३० च्या जागी ११५ उरतात, म्हणजे फक्त निम्मा, ६ डेसिबलचा फायदा. चुंबकीय क्षेत्रातून येणाऱ्या हमवर किंवा दुसऱ्याच्या गळतीमुळे फिरणाऱ्या ग्राउंड लूपवर पेटीचा काहीच इलाज नाही. जेन्सन ट्रान्सफॉर्मर्सचे बिल व्हिटलॉक वर्षानुवर्षं हेच सांगत आले, की दुखणं बहुतेक वेळा केबलींच्या जोडणीत असतं, विजेत नसतं. शिवाय पेटी स्वतःच १०० हर्ट्झने गुणगुणते, म्हणून ती खोलीबाहेर ठेवावी लागते. चालू करताना क्षणभर इतकी वीज ओढते की कधीकधी एमसीबी पडतो.

आणि धोका आहे. आपल्या घरातलं बटण फक्त फेज तोडतं. बॅलन्स्ड पॉवरमध्ये दोन्ही तारा जिवंत असतात. बटण बंद केलं तरी दुसऱ्या तारेवर ११५ व्होल्ट उभे. त्यासाठी दोन्ही तारा एकदम तोडणारा डबल पोल ब्रेकर आणि आरसीसीबी हवाच. अमेरिकेच्या कोडनेही ही पद्धत व्यावसायिक आणि औद्योगिक जागांपुरती, जाणकाराच्या देखरेखीखालीच मान्य केली आहे, घरासाठी नाही. खूप यंत्रं असलेल्या, अर्थिंग आणि केबली आधीच चोख असलेल्या मोठ्या स्टुडिओत शेवटचे काही डेसिबल मिळवायला ती चांगली आहे. बेडरूममधल्या स्टुडिओत ती पहिली खरेदी असू नये.

मात्र बेडरूम स्टुडिओत खरा घात करणारा उपाय फुकटचा आहे. तिसरी पिन काढून टाकली की ग्राउंड लूप तुटतो, हम गायब होतो. मंडपात, ऑर्केस्ट्रात, बेंजो पार्टीत हे सर्रास चालतं. ३ मे १९७२ ला वेल्समधल्या स्वान्सी इथे लेस हार्वे हा गिटारवादक कार्यक्रमाच्या वेळी अर्थिंग नसलेल्या माइकला हात लावून जागीच गेला. एका हातात अर्थ असलेल्या अ‍ॅम्प्लिफायरची गिटार, ओठांशी अर्थ नसलेला माइक, पायाखाली पावसाने ओला मंडप. यातलं काय आपल्याकडे नसतं? माझ्या खोलीत कुणी दोन पिनांचा अ‍ॅडॅप्टर बॅगेतून काढला तर मी तो परत बॅगेत ठेवायला सांगतो. पोरं हसतात. हसू देत.

पाड्यावर

गेल्या हिवाळ्यात विक्रमगडच्या पलीकडे एका पाड्यावर रेकॉर्डिंगला गेलो. वारली लग्नात देवदेवतांची गाणी गाऊन लग्न लावणाऱ्या धवलेरी आजी होत्या, वय त्यांनाही नक्की ठाऊक नाही. आवाज बारीक, मध्येच कुजबुजीइतका खाली जाणारा. अशा आवाजामागे हम असला तर सॉफ्टवेअरने काढता येतो, पण ५०, १००, १५० हर्ट्झ कापताना खोलीचा आणि आवाजाचा तळही थोडा कापला जातो. आणि ही गाणी परत म्हणायला लावायची नसतात. लग्न नसताना त्या गायल्या हेच पुष्कळ.

घरात एक दिवा आणि एक पॉइंट होता. तिसऱ्या भोकाला तार नव्हती, बघायचीही गरज नव्हती. मी लॅपटॉप काढलाच नाही. बॅटरीवरचा रेकॉर्डर, दोन माइक, हेडफोन. पालघर जिल्ह्यातला सगळ्यात शांत पॉवर सप्लाय दोन पेन्सिल सेल आहेत.

आजी तासभर गायल्या. फाइलमध्ये कोंबडा आहे, मागे कोणीतरी भांडी घासतंय, एकदा नातू विचारतो की हे फोनवर दिसणार का. निघताना त्याच्या वडिलांनी विचारलं, घरात नवा कूलर घ्यायचाय, काही बघायला लागतं का? मी बोर्डाकडे बोट दाखवलं, आणि आमच्या वायरमनचा नंबर दिला.